"व्यायाम करून झालाय, उपयोग नाही": लघवीच्या गळतीचं एक प्रकरण

रुग्ण ४९ वर्षांच्या, तालुक्याच्या गावात पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या. रोजचे साठ-सत्तर डबे, हाताखाली दोन बायका. तक्रार तीन वर्षांची. खोकलं, शिंकलं, जड उचललं की लघवी निसटते. गेल्या काही महिन्यांत त्यात भर पडली होती. लघवी लागली की धरवत नाही, संडासापर्यंत पोचेस्तोवर साडी ओली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी त्यांना माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपीला, पाठवलं होतं, पण बाई आल्या त्या ऑपरेशन ठरवूनच. "मॅडम, व्यायाम करून झालाय. सहा महिने केला. काही उपयोग नाही. ऑपरेशनला किती दिवस पडून राहावं लागेल तेवढं सांगा."

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकते की प्रकरण लिहायचं तर याच बाईंचं, असं ठरवलं. ओळख पटू नये म्हणून सारख्या दोन-तीन रुग्णांचे तपशील यात एकत्र केले आहेत.

पूर्वेतिहास

दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल. पहिल्या खेपेला चिमटा लावावा लागला होता, बाळ पावणेचार किलोचं. पाळी जाऊन चौदा महिने झालेले. वजन ७४ किलो, उंची १५३ सेंटिमीटर, म्हणजे बीएमआय साडेएकतीसच्या वर. बीपी चार वर्षांपासून, साखर दोन वर्षांपासून. पोटाचं कुठलंही ऑपरेशन नाही. लघवीतून रक्त नाही, जळजळ नाही, सतत चोवीस तास झिरपणं नाही, पायात मुंग्या किंवा बधिरपणा नाही. यातलं एक जरी असतं तरी व्यायामाचं नाव न काढता आधी पुढच्या तपासण्यांना पाठवलं असतं.

गोळ्यांची पिशवी बरोबर आणायला सांगितलं होतं. निम्मं निदान त्या पिशवीत निघालं.

खोकला कशाने येतो, असं विचारल्यावर त्या हसल्या. "फोडणीचा ठसका हो. स्वयंपाकघरात कुणाला लागत नाही?" मग रविवारी, केंद्र बंद असतं तेव्हा? थोडा विचार करून म्हणाल्या, तसा कोरडा खोकला असतोच, रात्री पडल्यावरही. केव्हापासून, तर बीपीची गोळी सुरू झाल्यानंतर वर्षभरात कधीतरी. गोळी होती रॅमिप्रिल. या गटातल्या औषधांनी काही जणांना चिवट कोरडा खोकला लागतो, आणि तो गोळी सुरू केल्यावर लगेचच लागेल असं नाही, काही महिन्यांनीही लागतो. बाई तीन वर्षं खोकल्याची बाटली आणत होत्या आणि ठसक्याचा दोष मिरचीला देत होत्या.

दुसरी गोळी साखरेची, डॅपाग्लिफ्लोझिन, आठ महिन्यांपूर्वी सुरू केलेली. हे औषध साखर मूत्रपिंडावाटे बाहेर टाकतं, आणि साखरेबरोबर पाणीही जातं. औषध चांगलं आहे, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्याचा फायदा आहे, भारतात २०२० नंतर ते स्वस्तही झालं. पण जिला आधीच गळती आहे तिची लघवी त्याने वाढते, आणि जननेंद्रियाला बुरशीचा संसर्ग होऊन खाज सुटते. खाज होती का? होती. सांगितली नव्हती, कारण विचारली नव्हती. घाईची तक्रार कधीपासूनची, याचं उत्तर मग त्यांनीच दिलं: "दिवाळी झाल्यावर गोळी बदलली, तेव्हापासून."

आणखी काही गोष्टी तुकड्यातुकड्याने बाहेर आल्या. मलावरोध, रोज जोर लावावा लागणं. घडी केलेल्या जुन्या सुती साडीवर वरून पाळीचा पॅड, दिवसाला तीन, उन्हाळ्यात मांड्यांना चट्टे. वास येईल या भीतीने भजनी मंडळ सोडलेलं. नवऱ्यापासून अंतर ठेवलेलं, कारण त्या वेळीही थेंब जातात. घरात फक्त सासूबाईंना माहीत, आणि त्यांचं म्हणणं, बायकांच्या जातीला हे असतंच, मलाही आहे.

तीन दिवसांची नोंद

मोठ्या तपासण्यांआधी मी प्रत्येकीला तीन दिवसांची नोंद करायला लावते: किती वाजता काय प्यायलं, किती वाजता लघवी झाली, मापाच्या प्लास्टिकच्या भांड्यात ती किती भरली, कधी गळली आणि तेव्हा काय चाललं होतं. बाईंनी ती डब्यांच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानांवर केली, आणि डब्यांचा हिशोब ठेवणारी बाई नोंद करते तेव्हा ती चोख असते.

दिवसा चौदा वेळा, रात्री दोनदा. दिवसा प्रत्येक वेळी ८० ते १२० मिलिलिटर. पण सकाळी उठल्यावरची पहिली ३२० मिलिलिटर. म्हणजे मूत्राशयात जागा आहे, ती दिवसा वापरली जात नाही. डबे द्यायला निघण्याआधी, डबे देऊन आल्यावर, बाजारात जाण्याआधी, "नको तिथे लागायला नको" म्हणून त्या जाऊन येत. अर्ध्या भरण्याआधीच रिकामं करायची सवय लागली की मूत्राशय थोड्याशा लघवीलाही हाकाटी करायला लागतो.

चहा सात वेळा. दुपारी दोनपर्यंत पाण्याचा घोट नाही, जेवताना ताक, आणि संध्याकाळी दिवसभराची तहान भागवायला लिटर-सव्वा लिटर पाणी एका दमात. रात्री दोनदा उठणं त्यातून आलेलं. चोवीस तासांची एकूण लघवी जवळपास २.४ लिटर. तीन दिवसांत गळतीच्या १७ नोंदी: ११ खोकताना, शिंकताना किंवा उचलताना, ६ घाईच्या. पहिल्या प्रकारातल्या बहुतेक सकाळी नऊ ते अकरा, फोडण्यांच्या वेळेत. दुसऱ्या प्रकारातल्या घराचं कुलूप काढताना, आणि नळाखाली भांडी विसळताना. कुलूप आणि वाहतं पाणी या दोन गोष्टी घाईच्या गळतीत इतक्या ठरलेल्या असतात की मी आता त्या आधीच विचारते.

निदान सरळ होतं: मिश्र प्रकारची गळती. खोकल्या-उचलण्याच्या ताणाने होणारी जास्त, घाईची त्याच्या खालोखाल, आणि दोन्हींना गोळ्यांचा हातभार.

तपासणी

लघवीच्या तपासणीत संसर्ग नव्हता. साखर होती, पण डॅपाग्लिफ्लोझिन चालू असताना ती असायचीच. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात ३० मिलिलिटर उरलेली, म्हणजे ठीक. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या तपासणीत योनीची पुढची भिंत किंचित खाली उतरलेली, त्वचा कोरडी, आणि खोकायला सांगितल्यावर समोरच गळती दिसलेली. युरोडायनॅमिक तपासणीची, म्हणजे नळी घालून मूत्राशयातला दाब मोजण्याची, या टप्प्यावर गरज नव्हती. उपचार साधे आणि निर्धोक असताना ती आधी करून फारसं काही बदलत नाही.

माझ्या तपासणीचा भाग श्रोणितळाच्या स्नायूंचा. माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत झोळीसारखे ताणलेले हे स्नायू मूत्रमार्ग, योनी आणि गुदद्वार यांना खालून धरून ठेवतात. काय करणार, का करणार, नको असेल तर नको म्हणता येईल, आणि मदतनीस बाई खोलीत असेल, हे सांगून मगच आतून तपासणी केली. जिची तयारी नसते तिची बाहेरून पाहून, किंवा पोटावरून सोनोग्राफी लावूनही बरंच कळतं.

"तुम्ही जो व्यायाम करत होतात तो करून दाखवा," म्हटलं. बाईंनी श्वास कोंडला, पोट फुगवलं आणि खाली जोर दिला. जोमाने, दहा वेळा. सहा महिने, रोज शंभर वेळा, त्या नेमकं उलटं करत होत्या: आवळायचं ते ढकलत होत्या, आणि श्रोणितळावर रोज शंभर जास्तीचे धक्के देत होत्या.

व्यायाम त्यांना एका छापील कागदावर मिळाला होता. त्यावर लिहिलं होतं, खालचे स्नायू आवळा, पाच मोजा, सोडा. कागदात चूक काहीच नव्हती. पण जो स्नायू दिसत नाही, ज्याला आयुष्यात कधी मुद्दाम हलवलेलं नाही, तो कुठला हे कागदावरून कसं कळावं? बम्प आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ४७ बायकांना तोंडी सूचना देऊन लगेच तपासलं होतं. नीट जमलं ते २३ जणींना. १२ जणी असं काही करत होत्या ज्याने गळती वाढू शकते. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या अमेरिकन डॉक्टर अर्नोल्ड केगल यांनी १९४८ मध्ये तो मांडला तेव्हा सोबत दाब मोजणारं उपकरण वापरलं होतं, बाईला आपण काय करतोय ते दिसावं म्हणून. त्यांचं नाव राहिलं आणि तपासून शिकवण्याचा भाग तेवढा गळून पडला.

दुसऱ्या सूचनेला बाईंना जमलं: "वारा सुटू नये म्हणून आवळता ना, तसं मागून आवळा आणि ते पुढे, वर ओढत आणा. श्वास चालू ठेवा. पोट, मांड्या, कुल्ले सैल." ताकद पाचपैकी दोन. तीन सेकंद धरता आलं, चार वेळांनंतर स्नायू थकला. चिमट्याच्या बाळंतपणात स्नायू हाडापासून सुटला असेल का, ही शंका होती, पण दोन्ही बाजू हाताला लागत होत्या आणि आवळत होत्या. पाया होता.

उपचार

पहिलं काम माझं नव्हतं. त्यांच्या फिजिशियनांना पत्र लिहिलं, नोंदवहीच्या पानाच्या प्रतीसह. त्यांनी रॅमिप्रिलच्या जागी बीपीचीच दुसऱ्या गटातली गोळी, टेल्मिसार्टन, दिली. हृदय आणि मूत्रपिंड ठीक असल्याने डॅपाग्लिफ्लोझिन थांबवून दुसरी गोळी दिली. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण वाचून कुणी स्वतःची गोळी बंद करू नये. जिला हृदयविकार आहे तिच्यासाठी तेच औषध चालू ठेवून गळतीचं दुसरं काही पाहणं योग्य ठरलं असतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी आधी बुरशीचा उपचार केला, मग योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम सुरू केलं. पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणावर आणि घाईवर त्याचा उपयोग होतो. तेच हार्मोन पोटातून घेतलं तर गळती वाढते, हे अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या अभ्यासात २००५ मध्ये स्पष्ट झालं आहे.

व्यायाम शून्यापासून. पहिले पंधरा दिवस फक्त पाठीवर झोपून, गुडघे दुमडून: तीन सेकंद धरायचं, सहा सेकंद पूर्ण सोडायचं, सहा वेळा, मग सहा झटपट आवळणं. दिवसातून तीनदा. शंभर नाही. बाईंना हे फार कमी वाटलं, "एवढ्याने काय होणार?" सोडणं हाही व्यायामच आहे हे पटवायला मला आवळणं शिकवण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पुढे बसून, मग उभं राहून, आणि शेवटी ओट्याशी. ब्रिटनच्या नाइस संस्थेची शिफारस अशी की ताणाच्या किंवा मिश्र गळतीत प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली किमान तीन महिने हा व्यायाम, दिवसातून तीनदा किमान आठ आवळणी, हा पहिला उपचार असावा. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र पाहणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ताणाच्या गळतीच्या रुग्णांपैकी व्यायाम करणाऱ्या ५६ टक्के बायकांनी बरं झाल्याचं सांगितलं, न करणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांनी.

बाईंना सगळ्यात लवकर उपयोगी पडली ती मात्र ताकद नव्हे, वेळ साधण्याची युक्ती. खोकायच्या, शिंकायच्या, उचलायच्या क्षणभर आधी आवळायचं आणि ते होईपर्यंत धरायचं. १९९८ मध्ये मिलर, ॲश्टन-मिलर आणि डीलान्सी यांनी २७ बायकांना हे शिकवलं आणि आठवड्याभरात मध्यम जोराच्या खोकल्याची गळती सरासरी ९८ टक्क्यांनी, जोराच्या खोकल्याची ७३ टक्क्यांनी कमी झाली. एवढ्या अवधीत स्नायू बळकट होत नाही, म्हणजे हा फरक नुसत्या वेळ साधण्याचा. आमच्याकडे त्याचं रूप असं ठरलं: तेलात मिरची टाकायचा हात उचलला की आवळायचं. परात उचलण्याआधी आवळायचं, श्वास सोडत उचलायचं. भरलेलं कमर्शियल सिलिंडर, ज्यात गॅसच १९ किलो, ते त्या स्वतः तिरपं करून सरकवत नेत असत. ते गाडीवरच्या मुलाने आत आणून लावून द्यायचं ठरलं.

घाईसाठी वेगळा मार्ग. लागली की धावायचं नाही. उभ्या जागी थांबायचं, किंवा बसायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळायचं, लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. लघवीच्या वेळा सुरुवातीला तासाच्या अंतराने बांधल्या आणि दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवल्या. चहा सातवरून तीनवर. पाणी सकाळी सातपासून थोडं थोडं, संध्याकाळी सातनंतर घोटभर. पाणी कमी करा असं मी सहसा सांगत नाही. गळतीच्या भीतीने बायका ते आधीच तोडून बसलेल्या असतात, मग लघवी दाट होते, मलावरोध वाढतो आणि दोन्हींनी घाई वाढते. मलावरोधासाठी इसबगोल, आणि कमोडवर बसताना पायाखाली पाट.

वजनाबद्दल बोलताना मी जरा सांभाळून बोलते, कारण प्रत्येक दवाखान्यात तेच ऐकून बायका कंटाळलेल्या असतात. पण पुरावा ठोस आहे. २००९ मध्ये सुबक आणि सहकाऱ्यांनी ३३८ जास्त वजनाच्या बायकांवर केलेल्या अभ्यासात सरासरी ८ टक्के वजन घटलेल्या गटात आठवड्याच्या गळतीच्या वेळा ४७ टक्क्यांनी कमी झाल्या, तुलनेसाठी ठेवलेल्या गटात २८ टक्क्यांनी. म्हणजे ७४ किलोच्या बाईला सहा किलो पुरतात.

मध्येच बाईंची भाची एक जाहिरात घेऊन आली: लेझरची सिटिंग, व्यायामाची गरजच नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, जुलै २०१८ मध्ये योनीवर लेझरसारखी उपकरणं अशा दाव्यांसाठी वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता, भाजणं आणि व्रण पडण्याच्या तक्रारींसह. मी नको म्हटलं. बायोफीडबॅकचं, म्हणजे स्नायू किती आवळला ते पडद्यावर दाखवणारं, यंत्र माझ्याकडे आहे आणि तेही मी या बाईंना लावलं नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या ओपल चाचणीत ६०० बायकांपैकी निम्म्यांना व्यायामाबरोबर बायोफीडबॅक दिलं, आणि दोन वर्षांनी दोन्ही गटांत फरक नव्हता. शिकवणारी व्यक्ती हाताने तपासून सांगत असेल तर पडद्यावरची रेघ फार काही जास्त देत नाही. विजेचे झटके देणारं यंत्र मी राखून ठेवते ते जिला स्नायू मुळीच आवळता येत नाही तिच्यासाठी.

काय झालं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कोरडा खोकला थांबला, खाज गेली, रात्रीचं उठणं एकावर आलं. बाई खूश होत्या, आणि नेमकी तेव्हाच फराळाची ऑर्डर सुरू झाली. चकलीचा सोऱ्या दाबणं, चिवड्याच्या फोडण्या, पहाटेपासून उभं. व्यायाम बंद, चहा पुन्हा सहा-सातवर, सिलिंडर पुन्हा स्वतः. भाऊबीज झाल्यावर आल्या तेव्हा पहिल्यासारखंच झालं म्हणत होत्या. पुन्हा तपासलं तर तसं नव्हतं. ताकद तीनवर होती आणि योग्य दिशेने आवळत होत्या. व्यायाम दिवसातून तीनदावरून दोनदावर आणला, एक सकाळी कणीक भिजत असताना, एक रात्री पडल्यावर. शिफारशीत बसत नाही, पण होईल ते तरी होईल.

आठव्या आठवड्यात घाई थोडी उरली होती. स्त्रीरोगतज्ज्ञांनी मिराबेग्रॉन ही घाईवरची गोळी सुचवली. जुन्या गटातल्या ऑक्सिब्युटिनिन किंवा सोलिफेनासिनने तोंड कोरडं पडतं आणि मलावरोध वाढतो, तो या बाईंना परवडणारा नव्हता. मिराबेग्रॉनमध्ये तो त्रास कमी, बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. बाई म्हणाल्या, आधीच चार गोळ्या आहेत, पाचवी नको. लघवीच्या वेळापत्रकावरच थांबलो.

चौदाव्या आठवड्याची नोंद: दिवसा आठ वेळा, रात्री एकदा. तीन दिवसांत गळती चार वेळा, तीन शिंकेच्या, एक घाईची. ताकद चार, धरणं आठ सेकंद. वजन साडेसत्तर. गळतीच्या त्रासाच्या आयसीआयक्यू प्रश्नावलीत, जिथे २१ म्हणजे सर्वाधिक, १५ वरून ६. पॅड फक्त बाहेरगावी जाताना. भजनी मंडळ सुरू.

याचं श्रेय कशाला? खोकला थांबला तेव्हा अर्धं काम झालं असणार. रॅमिप्रिल बदललं आणि बाकी काही केलं नसतं तरी नोंद सुधारली असती. पण खोकला थांबल्यावरही फोडणीच्या ठसक्याला गळत होतं, ते वेळेवर आवळणं अंगवळणी पडल्यावर थांबलं. घाईचं श्रेय बदललेली गोळी, कमी केलेला चहा आणि लघवीचं वेळापत्रक यांत कसं वाटावं, हे एकाच रुग्णावरून सांगता येणार नाही. सगळं एकदम सुरू केलं होतं, आणि तीन वर्षं सोसलेल्या बाईला एकेक गोष्ट सुटी करून तपासत बसणं मला बरोबर वाटलं नाही.

ऑपरेशनचा प्रश्न शेवटी त्यांनीच पुन्हा काढला, आणि तो रास्त होता. ताणाची गळती मध्यम किंवा तीव्र असेल तर ऑपरेशन सरस ठरतं. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या चाचणीत वर्षभराने ऑपरेशनच्या गटात ९०.८ टक्के बायकांना सुधारणा वाटली, फिजिओथेरपीच्या गटात ६४.४ टक्के, आणि फिजिओथेरपीने सुरुवात केलेल्या ४९ टक्के बायकांनी पुढे ऑपरेशन करून घेतलं. फिजिओथेरपिस्ट म्हणून मला हे आकडे आवडत नाहीत, पण रुग्णापासून लपवायचं कारणही नाही. ऑपरेशनमध्ये जाळी बसवली तर ती कायमची असते, त्यातून दुखणं किंवा लघवी अडणं असे त्रास थोड्यांना होतात, आणि घाईच्या गळतीवर ते ऑपरेशन नसतंच. हे सगळं मांडल्यावर बाईंनी हिशोब केला: उरलेल्या शिंकांसाठी एवढं नको. पुढच्या दिवाळीनंतर पुन्हा तीन दिवसांची नोंद करायची, आणि तेव्हा गळती वाढलेली दिसली तर शल्यचिकित्सकांची वेळ घ्यायची, असं ठरलं आहे. सासूबाईंना मात्र पुढच्या आठवड्यात आणणार आहेत. त्यांनाही गोळ्यांची पिशवी घेऊन यायला सांगितलं आहे.